आप्पांचा अर्थ आणि आईचा प्रश्न

माझे वडील, आप्पा, कळंबोलीच्या लोखंड बाजारात क्रेन चालवायचे आणि रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पोथी वाचायचे. साताऱ्याकडची वीस-पंचवीस माणसं जमायची. आप्पांचा आवाज भरदार. अर्थ सांगताना ते इतके मऊ व्हायचे, की हाच माणूस घरी बायकोला पट्ट्याने मारतो हे कुणाला खरं वाटलं नसतं. खरं तर सगळ्यांना माहीत होतं. आमच्या बिल्डिंगच्या भिंती पातळ. आईच्या डाव्या कानाचा पडदा त्यांच्या थपडेने फाटला होता, म्हणून हॉलमध्ये ती उजवा कान पुढे करून बसायची.

त्या रविवारी एका निवृत्त गुरुजींनी शंका काढली. मागे वाचलेल्या अध्यायात देव सांगतो, ऊठ, समोर आपलीच माणसं असली तरी शस्त्र उचल. आजच्या अध्यायात चांगल्या माणसाच्या गुणांत अहिंसा आली. दोन्ही एकाच तोंडची वचनं, मग धरायचं कुठलं?

आप्पांना असे प्रश्न आवडायचे. ते म्हणाले, हा विरोध वरवरचा आहे. हिंसा हातात नसते, मनात असते. द्वेष न ठेवता, कर्तव्य म्हणून घातलेला घाव ही हिंसा नव्हे. गुरुजींनी मान डोलावली. मलाही वाटून गेलं, किती नीट सांगितलं.

तेव्हा आई बोलली. हॉलमध्ये ती आजवर कधी बोलली नव्हती. आवाज चढवला नाही.

“मग मला मारता तवा तुमच्या मनात काय असतं?”

आप्पांनी पोथी मिटली, तिला हात जोडले, उठले आणि सावकाश बायकांच्या बाजूला आले. पहिली लाथ आईच्या बरगडीत बसली. ती आडवी झाली तशी दुसरी पोटात. मग केस धरून त्यांनी तिचं तोंड फरशीवर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा. तिच्या नाकातून रक्त वाहत होतं आणि शेजारच्या बायका साड्या आवरून मागे सरकत होत्या. पुरुष खाली बघत होते. गुरुजी नुसतं “अहो, अहो” म्हणत राहिले.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, वाशीत नोकरीला. पोथीखालचा सागवानी चौरंग मी दोन्ही हातांनी उचलला. तो घेऊन आईपाशी पोचले, तशी पोथी घसरून तिच्या रक्तात उघडी पडली. चौरंगाची कड आप्पांच्या कपाळावर बसली, कातडी उघडली आणि ते गुडघ्यांवर आले. मी चौरंग पुन्हा वर नेला. डोकं फुटावं असंच मला वाटत होतं, आणि ते वाटणं गोड होतं. हे मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही. आईने पडल्या-पडल्या माझा पाय धरला. “बास,” म्हणाली.

मग हॉल ओरडायला लागला, तो माझ्यावर. पोथी जमिनीवर पडली होती. दोघे धावले, तिला उचलून कपाळाला लावलं, उपरण्याने पानांवरचं रक्त टिपलं. आईला उठवायला त्यानंतर कुणीतरी आलं.

आप्पांना नऊ टाके पडले. दवाखान्यात त्यांनी जिन्यावरून पडलो म्हणून सांगितलं. मला वाचवायला, की मुलीचा मार खाल्ल्याची लाज, कोण जाणे. आईच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. दवाखान्यातून मी तिला थेट उलव्याला मैत्रिणीच्या खोलीवर नेलं. पुढे तिथेच भाड्याने घर घेतलं.

आप्पांचा अर्थ मात्र माझ्या डोक्यातून जाईना. त्या हिशेबाने माझा घाव शंभर टक्के हिंसा होता, कारण माझ्या मनात द्वेषाशिवाय दुसरं काही नव्हतं. शेवटी मी आईलाच विचारलं, माझं चुकलं का. ती मेथी निवडत होती.

“तू मारलंस ते मला बरं वाटलं,” ती म्हणाली. “तुला धरलं तेबी बरंच केलं. पोथीचं मला इचारू नको.”

गेल्या उन्हाळ्यात आप्पा एका दुपारी आले. घामाने शर्ट चिकटलेला, कपाळावर पांढरा व्रण. आई जाळीच्या दाराआड उभी राहिली. त्यांनी घरी चल म्हटलं, दोनदा. ती आत गेली, माठातलं पाणी आणलं आणि जाळीच्या फटीतून पेला बाहेर दिला. ते उभ्याउभ्या प्यायले, आणखी मागितलं, तिने आणखी दिलं. कुलूप तिने काढलं नाही. रिकामा पेला उंबऱ्यावर ठेवून ते जिना उतरले.