बांध माझ्या नावावर

सळई हातभर आत गेली आणि मी थांबलो.

जागा बांधावर ठोकलेल्या एका खुंटीपाशी होती. चार पावलं अलीकडे हीच सळई दोन्ही हातांनी दाबून पाहिली होती, तिथे ती बोटभरही शिरली नव्हती. पुढच्या खुंटीपाशी गेलो. सळई पुन्हा सरळ आत. त्याच्या पुढच्या खुंटीपाशीही तेच. माझं डोकं तापायला लागलं. साहेबांनी मला जे शोधून आणायला सांगितलं होतं, ते या बांधात नव्हतंच.

ज्यांनी खारबांध पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कळव्याकडची खाडीकाठची भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली असते. मध्ये मातीचा बांध असतो म्हणून ती शेती आहे. बांध फुटून खारं पाणी आत शिरलं की उभं पीक तर जातंच, पुढची दोन-तीन वर्षंही त्या जमिनीत दाणा धरत नाही. अमावास्या-पौर्णिमेला भरती मोठी येते, तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ती अगदी कमी चढते, त्याला भांग म्हणतात. फुटलेला बांध बुजवायचा तर तो भांगातच. उधाणात खाडीशी भांडून उपयोग नसतो.

हा बांध सर्वपित्रीच्या उधाणात फुटला. नव्यानेच उंच केलेला, खात्याच्या देखरेखीखालचा. खालची खाचरं गेली. आत एक जुना बुटका बांध होता, त्याने पाणी अडवलं म्हणून अर्धी शेती वाचली. तिथलं भात निसवलं होतं, लोंब्या बाहेर पडल्या होत्या. पण तो बुटका बांध आणखी एक उधाण सोसणार नाही हे कोणालाही दिसत होतं. म्हणजे येत्या भांगात भगदाड बुजवायचं आणि कोजागिरीच्या उधाणाला बांध उभा ठेवायचा. नाहीतर दोन गावांचं वर्षाचं खाणं खाडीत जाणार होतं.

आधीचे ओव्हरसियर हिवतापाने रजेवर गेले आणि मला पाठवलं. मी तेव्हा टेंपररी ओव्हरसियर. घरी आई आणि लग्नाच्या दोन बहिणी. असिस्टंट इंजिनिअर साहेबांची ऑर्डर सोपी होती. कामावर दोन गँग आहेत. कोणत्या गँगचा तुकडा फुटला ते शोधा, त्या गँगला काढून टाका, उरलेल्या गँगकडून काम पुरं करून घ्या आणि तसा रिपोर्ट द्या.

गँग म्हणजे एका मुकादमाच्या हाताखालचे बायका-पुरुष. एक गँग कळव्याच्या आगऱ्यांची, तिचा मुकादम धर्मा. दुसरी खाडीपलीकडच्या किरिस्तावांची, तिचा मुकादम पास्कू. बांधाआड शेती दोन्ही गावांची होती. एकाच गँगच्या वाट्याला सगळी दलदल येऊ नये म्हणून ऑफिसने बांधाचे तुकडे पाडून ते आलटून पालटून वाटले होते, आणि प्रत्येक तुकड्याच्या हद्दीवर खुंटी ठोकली होती. कागदावर हे फार न्यायाचं दिसत होतं.

मी दोन्ही मुकादमांना वेगवेगळं विचारलं.

"आमच्या तुकड्यात कुठं पन सळई घाला रावसाब," धर्मा म्हणाला, "नाय जायाची."

"आमी पाय मारतो ती माती दगड व्हते," पास्कू म्हणाला. "फुटला तो त्यांच्या बाजूनं."

दोघंही खरं बोलत होते. सगळे तुकडे एकजात पक्के होते. भगदाड मात्र बरोबर एका खुंटीच्या जागी पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी काहीच केलं नाही, नुसता काम बघत बसलो. अशा बांधात माती टाकून भागत नाही. खाडीतल्या चिकट मातीचे गोळे कापून आणायचे, थर लावायचा आणि रांगेने उभं राहून पायांनी तो तुडवायचा. ही तुडवण चुकली की बांध चुकला. धर्माची माणसं एकमेकांचे खांदे धरून तुडवत तुडवत खुंटीकडे यायची आणि वीतभर अलीकडे थांबून मागे फिरायची. पलीकडून पास्कूची माणसं यायची, तीही वीतभर अलीकडून फिरायची. मधल्या फटीत कोणीतरी फावड्याने माती लोटायचं, वरून थापटायचं. वरून सगळा बांध एकसारखा दिसायचा.

"पुढे पाय का टाकत नाही?" मी एकाला विचारलं.

"पुढचा त्यांचा हाय ना," तो म्हणाला. मला हे माहीत नसावं याचंच त्याला नवल वाटलं.

मला आधी राग आला आणि मग माझाच राग मला फुकट वाटला. शेतकऱ्याच्या घरात पहिली शिकवण हीच असते. दुसऱ्याच्या बांधाला कुदळ लावायची नाही, पाय लावायचा नाही. त्यावरून डोकी फुटतात, पिढ्यान्‌पिढ्या बोलणं बंद होतं. ऑफिसने खुंट्या ठोकल्या त्या मोजणीसाठी. या माणसांनी त्या हद्दी मानल्या आणि भल्या माणसांनी वागावं तसे वागले. आळस नव्हता, चोरी नव्हती. सभ्यपणाने बांध फुटला होता.

मी सगळ्या खुंट्या उपटून टाकल्या. काही फरक पडला नाही, कारण हद्द कुठे आहे ते प्रत्येकाच्या पायांना पाठ होतं. मग मी हुकूम काढला की उद्यापासून दोन्ही गँग मिसळून काम करतील, एक माणूस यांचा, एक त्यांचा. सकाळी आलो तर दोन्ही गँग बांधावर बसलेल्या. हत्यार एकाच्याही हातात नाही. भांग तोंडावर आलेला आणि माझं काम बंद.

दोघा मुकादमांना समोरासमोर बसवलं.

"धर्मा, तुझंही भात आत आहे ना?"

"हाय."

"पास्कू, तुझंही?"

"हाय की."

"मग एकमेकांच्या मातीला पाय लावायला काय जातंय?"

धर्माने खाडीकडे बोट केलं. "रावसाब, तशी रीत हाय," तो म्हणाला. "बांध फुटला का ज्याचा त्यानं तिथं उभं ऱ्हावून हाक घालायची. हाक आयकली का मग कोन कुठचा ते बघायचा नाय. शत्रू असला तरी यावाच लागतं. पन हाक नाय तर पाय नाय."

"मग घाला हाक. आत्ता घाला."

पास्कू जमिनीकडे बघत बोलला. "जो पयली हाक घालील, बांध त्याचा फुटला असंच झालं ना? तुमी तसं लिवनार. मग त्याची सगली मानसं घरी."

त्याचं म्हणणं खरं होतं. ऑफिसला गुन्हेगार हवा होता, आणि जोवर तो हवा होता तोवर या दोघांपैकी कोणी तोंड उघडणार नव्हतं. मी मनाशी ठरवलं की आता गँगशी बोलून उपयोग नाही, साहेबांशी बोलायला हवं.

साहेब दुसऱ्या दिवशी होडीने इन्स्पेक्शनला आले. दोन्ही गँग बांधावर उभ्या होत्या. आमचं बोलणं इंग्रजीत झालं, ते मराठीत देतो.

"कोणती गँग?" साहेबांनी होडीतून उतरता उतरता विचारलं.

"कोणतीच नाही, सर. बांध खुंटीवर फुटला. खुंट्या ऑफिसच्या होत्या."

"खुंट्या मी ठोकायला सांगितल्या होत्या."

"होय, सर."

साहेबांचा चेहरा लाल झाला. मी सळई पुढे केली. त्यांनी ती स्वतःच्या हाताने तुकड्यात घालून पाहिली, मग सांध्यात घालून पाहिली, आणि माझ्या हातात परत दिली. माणूस खोटा नव्हता, पण ऑफिसात त्यांच्याही डोक्यावर कोणी होतं.

"हे मी वर लिहू शकत नाही," ते म्हणाले. "बांध फुटला तर कोणाचं तरी नाव लागतं."

"मग माझं लिहा, सर. आजपासून सगळा बांध माझ्या नावावर. दोन्ही गँग राहतील. कोजागिरीला फुटला तर दोष माझा."

"फुटला तर तुमची नोकरी राहणार नाही, कळतंय ना?"

"कळतंय."

मला भीती वाटत होती, ती लपवून ठेवत नाही. पण त्याहून जास्त मला चीड आली होती. ज्या कामाला दोन्ही गावांचे हात लागत होते ते बुडत होतं, आणि आम्ही शिक्षा कोणाला करायची याची चर्चा करत होतो. साहेबांनी मान हलवली आणि ते होडीत बसून गेले.

गँगमधली माणसं माझ्याकडे बघत होती. इंग्रजी कोणाला कळत नव्हतं, पण साहेबांचा चेहरा सगळ्यांना कळला होता.

"काय झाला, रावसाब?" धर्माने विचारलं.

"बांध माझ्या नावावर झाला," मी म्हणालो. "रिपोर्टात तुमच्यापैकी कोणाचं नाव जाणार नाही."

हे बोललो आणि पुढची गोष्ट तिथल्या तिथे सुचली. बांध माझा, तर हाक घालायचा मान माझाच. मी जोडे काढले, धोतर खोचलं आणि भगदाडात उतरलो. चिखल मांडीपर्यंत आला.

"बांध गेला हो," मी ओरडलो. "या!"

माझा आवाज खाडीवर ओरडण्यासाठी घडलेला नव्हता. तो मध्येच फाटला. वरच्या बायकांमधून हसू फुटलं. हालचाल मात्र कोणी केली नाही. तेवढ्यात माझा एक पाय आणखी खाली गेला आणि मी हात टेकले. आता मात्र मी जीव खाऊन पुन्हा ओरडलो, कारण पाय खरोखरच निघत नव्हता.

धर्माची बायको डोक्यावरची पाटी ठेवून नवऱ्यावर खेकसली. "आवो, हाक घातली ना त्यांनी? आयकाला येत नाय काय?"

धर्मा उतरला. त्याचा पाय चिखलात पडायच्या आत पलीकडून पास्कू उतरला. एकाने माझा एक दंड धरला, दुसऱ्याने दुसरा, आणि मला उपटून बाहेर काढलं. मग दोघांनीही आपापल्या माणसांना एकदम हाका घातल्या. वर कोणी उरलं नाही.

पुढचं काम मी सांगितलं तसं झालं. एक थर धर्माची गँग जुन्या हद्दीच्या पलीकडे बरीच पुढे नेई. त्याच्या वरचा थर पास्कूची गँग तितकाच अलीकडे आणी. गवंडी विटांचे सांधे एकावर एक येऊ देत नाहीत, त्यातलाच प्रकार. जिथे जिथे सळई आत गेली होती ते सगळे सांधे खणून पुन्हा तुडवले. दसऱ्याला आगरी सोनं वाटायला घरी गेले, त्या दिवशी पास्कूच्या माणसांनी सबंध बांध सांभाळला. रविवारी किरिस्ताव देवळात गेले तेव्हा धर्माची माणसं थांबली. पूर्वी अशा दिवशी अर्धा बांध बेवारस पडून असायचा. मी फक्त एक नियम केला. काम संपल्यावर रोज दोन्ही मुकादमांनी माझ्याबरोबर पूर्ण बांध चालायचा, आणि सळई स्वतःच्या नाही, दुसऱ्याच्या तुकड्यात घालायची. पहिल्या दिवशी दोघंही अवघडले. चौथ्या दिवशी ते एकमेकांच्या चुका दाखवून एकमेकांची टिंगल करत होते.

कोजागिरीला दुपारी पाणी चढलं. बांधाच्या माथ्याखाली हातभर आलं, मग वीतभर. वाराही होता. एका ठिकाणी आतल्या बाजूने पाणी झिरपायला लागलं. मी ओरडायच्या आत माणसं धावली होती, आणि ती कोणत्या गँगची ते मला चिखलाने माखलेल्या तोंडांवरून ओळखता आलं नाही. गोळे आले, पाय आले, झिरपणं थांबलं. बऱ्याच वेळाने पाणी उतरायला लागलं. पास्कूने छातीवर क्रूस काढला. धर्मा बांधावरच आडवा झाला आणि त्याला तिथेच झोप लागली. मी आतल्या भाताकडे बघितलं आणि मला रडू आलं. तेव्हा कोणी बघत नव्हतं.

साहेबांनी काम समाधानकारक म्हणून लिहिलं. पुढे खुंट्या ठोकायच्या नाहीत अशी ऑर्डर काही निघाली नाही, पण त्यांच्या हाताखालच्या कामांवर त्या पुन्हा दिसल्याही नाहीत. मी पर्मनंट झालो आणि माझी बदली कल्याणला झाली.

दोन पावसाळे गेल्यावर एका सकाळी धर्मा कल्याणच्या ऑफिसात येऊन उभा राहिला. कळव्याहून तो पहाटेच निघाला होता.

"बांध झिरपतोय, रावसाब. चला."

"अरे, आता तिकडे दुसरे ओव्हरसियर आहेत. त्यांना सांग. आणि पास्कूला बोलाव."

"पास्कू कवाचा तिथं हाय. त्याची मानसं पन हायेत, आमची पन हायेत." तो मला लहान मुलाला समजावावं तसा सावकाश बोलत होता. "पन बांध तुमच्या नावावर हाय ना? हाक तुमी घालायची."

मी तिथल्या साहेबांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली. कारण काय सांगू हे सुचेना, तेव्हा खरं तेच सांगितलं. ते हसले नाहीत, रजा दिली.

अनेक वर्षं माणसं हाताखाली घेऊन काम केलं, त्यातून एवढंच सांगण्यासारखं. दोघांच्या कामाचा सांधा जिथे येतो तिथे आधी जाऊन उभं राहावं, कारण तिथे दुसरं कोणी उभं नसतं. आणि एखाद्या कामाचा दोष आपल्या नावावर घ्यायचा तर नीट विचार करून घ्यावा. ऑफिस ते नाव वर्षभरात विसरतं. ज्यांच्यासाठी घेतलं ती माणसं विसरत नाहीत, आणि बदली झाली तरी न्यायला येतात.