प्लास्टरमधलं लुगडं

सारसोळ्यात माझ्या रोजच्या वाटेवर एका मूर्तिकाराची शेड होती. कापड ओल्या प्लास्टरमध्ये बुडवून तो मूर्तींचे शेले करायचा. प्लास्टर सुकायच्या आत बोटांनी भराभर चुण्या पाडायचा, तेव्हा श्वाससुद्धा रोखून धरायचा.

एकदा तिथे मूर्तीऐवजी नुसतं लुगडं दिसलं. प्लास्टरने कडक झालेलं, कुणी मांडी घालून बसावं तसं. आत कुणीच नव्हतं.

"बायकोचं हाय," तो म्हणाला. "दहाव्यानंतर सगली लुगडी वाटली. ह्ये एक लपवून ठेवलेलं."

"अगदी बसल्यासारखं वाटतं," मी म्हणालो.

"बसलीय खरी. पन उशाशी घेऊन झोपायचो, तवा तिचा वास यायचा. आता प्लास्टरचा येतो."

एवढं बोलून त्याने पदराला पुन्हा नाक लावून पाहिलं.