लाल कागदाखालचं नाव

फोनवर वहिनी 'हे गेले' असं म्हणाल्याच नाहीत. "भावजी, तो कागद मीच काढला हो," एवढंच म्हणाल्या. दत्ता गेला, हे मला तेवढ्यावरनं कळलं.

दत्ता माझा शाळेपासूनचा दोस्त, वहिनी त्याची बायको. नेकनूरचा हा गडी जन्मभर चीनमधले बौद्ध मठ, तिथले भिक्षू अन् त्यांच्या चालीरीती यांवर शिकवत, लिहीत राहिला. गावात त्याला 'चिनी मास्तर' म्हणायचे. निवृत्त होऊन परतला तेव्हा एका मठानं भेट दिलेली लाकडी पाटी त्यानं बैठकीत लावली. तिच्यावर त्याचं आणि वहिनींचं नाव चिनी अक्षरांत कोरलेलं, दोन्ही नावांवर लाल कागदाच्या पट्ट्या. "माणूस जिता हाय तवर नाव झाकायचं. गेला की कागद काढायचा," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. "काय बे, असलं घरात कशाला टांगतो?" मी चिडून विचारलं, तर खो खो हसला. "मी अभ्यास करणारा हाय, भक्त न्हाई."

यंदा घट बसायच्या आधी वहिनींनी सगळं घर धुऊन काढलं. घटाला आमच्याकडं घरात मळकी चिंधीसुद्धा चालत नाही. दत्ताच्या नावावरची पट्टी लई मळली होती, म्हणून वहिनींनी ती काढली. घट उठले की नवी लावू, असा त्यांचा साधा हिशेब. ऐकून दत्ता हसला खरा. पण दुपारी मी गेलो, तर हा पठ्ठ्या दार लोटून, कणकेची खळ करून, तोच चुरगळलेला कागद चिकटवत बसलेला.

"काऊन रे?"

"उगंच," म्हणाला. माझ्याकडं बघितलं नाही. कागद काही बसेना.

दसऱ्याच्या आतच तो झोपेत गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. मीही वहिनींना घसा कोरडा पडेपर्यंत तेच सांगतो. आणि मला दत्ताचा राग येतो... जन्मभर अभ्यास केलास, मग त्या दुपारी एवढा भ्यालास कशाला?

परवा पुन्हा गेलो. बैठकीत उकडत होतं, तरी पंखा बंद. पाटीवर दत्ताचं नाव उघडं होतं. शेजारी वहिनींच्या पट्टीचा कोपरा सुटून वर आलेला. मी धडपडत उठलो आणि तो अंगठ्यानं दाबून धरला.

"राहू द्या, भावजी," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "किती दिस दाबून धरणार?"

त्या चहा टाकायला आत गेल्या. मी अंगठा काढला नाही.