पसाभर कोंड्याचं मोल

माझी पहिली दोन्ही लेकरं धाप लागून गेली, दोन्ही बाळंतिणीच्या खोलीतच. तिसरा झाला तेव्हा उत्तरेकडच्या आमच्या लष्कर शहरात कडाक्याची थंडी होती. दालबाजारामागच्या आमच्या घरात त्या खोलीला एकच खिडकी, तिलाही गोधडी ठोकलेली. खाटेखाली गोवऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा-वावडिंगाची धुरी. डोळे चुरचुरायचे, पण बाळंतिणीला वारा लागता कामा नये हे सासूबाईंचं ब्रह्मवाक्य.

बारशाआधीच पोराची छाती घरघरायला लागली. बरगड्या आत ओढल्या जायच्या, दूध पिता पिता ओठ निळे पडायचे. दाई म्हणाली, "बहूजी, इसकी तो पसली चल रही है." पसली चालते म्हणजे तीच धाप. कंपूच्या छावणीतून डॉक्टर आणला, तो उंबऱ्यातच खोकला. "शेगडी बाहेर काढा, खिडकी उघडा," एवढंच म्हणाला. तो गेल्यावर सासूबाईंनी शेगडीत आणखी गोवऱ्या सारल्या. म्हणाल्या, "हा मेला कधी बाळंत झालाय?"

त्यांचं निदान ठरलेलं होतं: हिच्या मांडीला मूल लाभत नाही. मग जुनी रीत, मूल जगावं म्हणून दुसरीला विकायचं. थोरल्या जाऊबाईंना मूलबाळ नव्हतं. त्यांनी माझ्या पदरात पसाभर कोंडा टाकला आणि पोर उचललं. मला सगळ्यांदेखत म्हणायला लावलं, "हा माझा नाही." मी म्हटलं. तो जगावा म्हणून मी काय वाट्टेल ते म्हटलं असतं.

जाऊबाईंची खोली माडीवर. तिथं शेगडी नाही, दोन मोठ्या खिडक्या, दिवसभर ऊन. मी पाजायला वर जायची, पाजून झालं की खाली. थोड्याच दिवसांत पोराची घरघर थांबली, अंग धरलं. घरादारानं जाऊबाईंच्या पायगुणाचे गोडवे गायले.

मी एकदा सासूबाईंना म्हटलं, "तो कोंड्यानं नाही जगला, धुरातनं सुटला म्हणून जगला."

"म्हणजे आधीची दोन मी मारली?"

होय म्हणायला जीभ रेटली नाही. आज म्हणते, होय. आणि वर माझ्या मांडीला बोल लावलात.

दूध तुटलं तसं माझं माडीवर जाणंही संपलं. तो जाऊबाईंना आई म्हणू लागला, मला काकू. मी परत मागितला तर जाऊबाई म्हणाल्या, "तू नेलास आणि पुन्हा धाप लागली तर?" त्यांचा जीव जडला होता, खोटं कशाला बोलू. पण त्यांचं तोंड पाहिलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तो चांगला पळता-बोलता झाल्यावरची गोष्ट. उन्हाळ्यात आंधी आली, अंगणात खेळता खेळता धुळीनं त्याचा श्वास कोंडला. जाऊबाई शेजारी गेल्या होत्या. मी त्याला उचलून आत आणलं, ओल्या फडक्यानं नाक-तोंड पुसलं, छातीशी उभा धरून पाठ चोळत राहिले. इतक्या वर्षांनी तो माझ्या अंगावर होता. हळूहळू श्वास मार्गी लागला. त्यानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"काकू, आईला बोलाव ना."

मी त्याला खाली ठेवलं आणि बोलवायला गेले.