कौल न देणाऱ्या मॅडम

"बोलायचं तर बोला, नाही तर नुसते बसा. वेळ तुमचाच आहे."

मॅडम एवढं म्हणायच्या आणि आपली खुर्ची जराशी खिडकीकडे वळवायच्या. एसटीत शेजारी बसल्यासारखं मग दोघांनी बाहेरचा माड बघायचा. तुम्हीही पाहिलं असेल, समोरून कुणी टक लावून बघत नसलं की माणूस लवकर मोकळा होतो.

त्या समुपदेशक. मूळच्या घाटावरच्या, नवऱ्याच्या बदलीमुळे रत्नागिरीत आलेल्या. आमची मासेमारीची बोट. माझा थोरला भाऊ, दादा, समुद्रात गेला; बोट परत आली, तो आलाच नाही. त्यानंतर बंदरावर पाय ठेवला की माझी छाती धडधडायची, हातपाय गार पडायचे. हृदयाच्या तपासण्या सगळ्या चांगल्या आल्या, तेव्हा डॉक्टरांनीच मॅडमकडे पाठवलं. तोवर बोट धक्क्याला बांधून पडलेली आणि आमचे खलाशी दुसऱ्यांच्या बोटींवर जायला लागलेले.

मला वाटलं होतं, मॅडम कोचावर झोपवतील, निदान दोन उपदेश तरी करतील. तसलं काही नाही. इथलं बोलणं इथेच राहील, म्हणाल्या. कुणाच्या जिवाला धोका दिसला तरच बाहेर सांगेन. आणि कधी कधी आलात त्यापेक्षा जड होऊन घरी जाल, तेही येऊन सांगा. त्या दिवशी मी पाऊण तास माड बघितला. त्या कंटाळल्या नाहीत. पुढच्या खेपेला दादाचं नाव निघालं आणि मी ढसाढसा रडलो. 'रडू नका' असं न म्हणणारं ते मला भेटलेलं पहिलं माणूस.

लाज मात्र वाटायची. नशिबाने मॅडमच्या खोलीखाली दातांचा दवाखाना होता, रिक्षावाल्याला मी तोच सांगायचो. बातमी माझ्याआधी घरी पोचली. मी परतलो की आई मऊभात वाढायची, हातावर लवंग ठेवायची. "आजून बरा नाय वाटत काय रे? कसला मेला तो डॉक्टर!" दात माझे ठणठणीत, पण लवंगा चघळून तोंड बधिर.

एकदा मी वैतागलो. "मॅडम, बोट ठेवू की विकू? एकदाचं सांगून टाका."

"मी कशी सांगणार?"

"देव सांगतो की! आमच्याकडे कौल लावतात."

त्यांना कौल ठाऊक नव्हता. मग मीच समजावलं. आपण प्रश्न विचारायचा. गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलाच्या पाकळ्या पाण्याने चिकटवतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मॅडमनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"समजा, बोट ठेवू का असा कौल लावलाय. पाकळी अजून पडायची आहे. तुमचं लक्ष कुठल्या बाजूला असेल?"

मी माडाकडे बघत राहिलो. घरात मी रोज बोट विकायच्या गोष्टी करत होतो. आणि तोंडातून निघालं, "उजव्या."

"बरं," एवढंच म्हणाल्या त्या.

घरी जाऊन आईला खरं काय ते सांगितलं. "मग माझा मऊभात कित्याक गिळलास रे मेल्या?" म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. त्या दिवशी आम्ही दोघं पहिल्यांदा दादाबद्दल बोललो.

पुढे सावकाशीचं काम होतं. आधी धक्क्यावर उभं राहायचं, मग बांधलेल्या बोटीत बसून यायचं. मध्ये एकदा निम्म्या वाटेतून पळून आलो, तेही त्यांना सांगितलं. शेवटी बोट सुटली.

मग त्यांच्या नवऱ्याची पुन्हा बदली झाली. निरोपाच्या दिवशी म्हटलं, "मॅडम, एकदा बोटीवर या."

"नको हो, मला बोट लागते! घाट उतरताना एसटीसुद्धा लागली होती."

हसता हसता मी पाया पडायला वाकलो, तर त्या झटकन मागे सरल्या. "बोटीत तुम्ही चढलात," म्हणाल्या. चढलो खरा, पण त्या नसत्या तर बोट आणि मी, दोघंही धक्क्यालाच कुजलो असतो.

त्यांच्या खोलीत आता शिकवणी चालते. बोटीवर सुकाणूशेजारी दादा बसायचा ती फळी मी मोकळीच ठेवली आहे. बंदर मागे पडलं की छाती अजून थोडी धडधडते. मग फळीकडे न बघता मी समोरच्या पाण्याकडे बघतो आणि हळूच म्हणतो, "बोलायचा तर बोल दादा, नायतर नुसता बस."