न सुटणारा हात

"हात तुमचाच आहे, मावशी. पण सध्या तो तुमचं ऐकत नाही."

डॉक्टर मॅडम हे सांगत होत्या तेव्हा माझा उजवा हात त्यांच्या पांढऱ्या कोटाची कड घट्ट धरून बसला होता. मी धरली नव्हती. सोड म्हणून आधी मनात सांगून पाहिलं, मग मोठ्यानं. तो ढिम्म. शेवटी त्यांनीच माझं मनगट हळूच आतल्या बाजूला वाकवलं, तशी बोटं एकेक करून सैल पडली. त्या हसल्या नाहीत, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

एमआरआयच्या फिल्मवर त्यांनी मेंदूच्या पुढच्या भागातला एक डाग दाखवला. स्ट्रोक. म्हणजे एका शिरेत गुठळी अडकली आणि तेवढ्या भागाचं रक्त थांबलं. त्यातून माझ्या हाताला जे झालं त्याला एलियन हँड सिंड्रोम म्हणतात. परका हात. तो लुळा पडत नाही, उलट जरा जास्तच कामाला लागतो. फक्त ज्याचा आहे त्याला विचारत नाही. दिसेल ते धरतो आणि सोडत नाही.

हा आजार फार कुणाला होत नाही असं त्या म्हणाल्या. पण ज्याला होतो त्याला वाटतं आपल्याला वेड लागलं, नाहीतर काहीतरी बाधलं. अशा माणसांसाठी हे लिहिते आहे.

सुरुवात आमच्या परळच्या चाळीच्या जिन्यात झाली. रविवारी चर्चला उपासनेसाठी निघाले होते. दोन पायऱ्या उतरले आणि हात वरच राहिला. कठडा धरून. मला वाटलं बांगडी अडकली. मागे वळून पाहते तर काही अडकलेलं नाही, माझीच बोटं लाकडाभोवती आवळलेली, आणि ती कुणा दुसऱ्या बाईची वाटावीत इतकी अनोळखी. उजवा पायही जड झाला होता. डाव्या हातानं बोटं सोडवली, घरी परतले आणि चहा घेऊन आडवी झाले. ही चूक तुम्ही करू नका. असं काही झालं तर चहा नंतर, आधी हॉस्पिटल. माझा मुलगा सुहास दुपारी आला, त्यानं पाहिलं आणि टॅक्सी बोलावली.

आता या हाताबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर माझी भीती कळायची नाही.

लोअर परळच्या एका गिरणीच्या पाळणाघरात मी नोकरीला होते. कामगार बायांची तान्ही मुलं सांभाळायची. रडून लालबुंद झालेलं पोर माझा उजवा हात डोक्यावर ठेवला की शांत व्हायचं. मी मनात येशूचं नाव घ्यायचे आणि थोपटायचे, बाकी काही नाही. गिरणी बंद पडली तरी चाळीतल्या बाया मुलं घेऊन येत राहिल्या. बहुतेक कोकणातल्या, घरी गणपती बसवणाऱ्या, पण मावशीचा हात लागू दे म्हणायच्या. चर्चमध्ये याला कृपादान म्हणत, म्हणजे देवानं फुकट दिलेली देणगी. मी वरवर "छे हो" म्हणायचे. आतून बरं वाटायचं, ते का लपवू?

हॉस्पिटलच्या वॉर्डात खाटा भरलेल्या, आणि दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर गाद्या. माझ्या उजव्या अंगाला खाली एक बाई होती. मालवणची, डोक्याच्या ऑपरेशनसाठी आलेली, माझ्यापेक्षा लहान. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची.

दुपारी वॉर्ड पेंगत असताना मी माझ्या हाताकडे बघत राहायचे. एकदा तो चादरीवर थोपटायला लागला. एका लयीत, सावकाश, पाळणाघरात मी थोपटायचे तसा. तिथं मूल नव्हतं. मी डाव्या हातानं तो दाबून धरला. सोडल्यावर त्यानं पुन्हा तिथूनच सुरू केलं, जणू कुणी जागं झालं होतं आणि त्याला परत झोपवायचं होतं. सिस्टरला हाक मारायचा धीर झाला नाही. काय सांगणार होते?

दुसऱ्या दिवशी दुपारी आरडाओरडा ऐकून जाग आली. माझा हात खाटेच्या दांडीतून खाली गेला होता आणि त्यानं त्या बाईचं मनगट पकडलं होतं. ती अर्धी उठून हुंदके देत होती. सिस्टर मला ओरडत होती, मी हाताला ओरडत होते. मनगट वाकवून सोडवलं तेव्हा तिच्या कातडीवर माझी बोटं उमटलेली दिसली. थोड्या वेळानं तिला ऑपरेशनला नेलं. संध्याकाळी त्या गादीवर दुसरीच पेशंट होती. आयाला विचारलं, तिला माहीत नव्हतं.

ती बाई गेली, आणि जाताना माझा हात तिला लागला होता, असं मी धरून चालले.

घरी आल्यावर शेजारची वैशाली तिच्या सवयीनं बाळ घेऊन आली. मी नको म्हणेपर्यंत तिनं ते मांडीवर ठेवलंसुद्धा. हात पुढे झाला. डोक्यावर टेकला. आणि मग बाळाच्या जावळात बोटं आवळली गेली. ते किंचाळलं. माझी सून प्रीती स्वयंपाकघरातून धावत आली, तिनं मनगट वाकवून सोडवलं. वैशाली "असू दे मावशी, आजारच आहे" म्हणाली, पण नंतर बाळ घेऊन आली नाही. मी तिला दोष देत नाही. मीसुद्धा आणलं नसतं.

त्या दिवसापासून मी हात ओढणीनं पोटाशी बांधून ठेवायला लागले.

भेटायला आलेल्या चर्चच्या एका बहिणीनं प्रार्थना केली आणि उठताना म्हणाली, अंतःकरण तपासून बघा, देव उगाच काढून घेत नाही. मी तपासलं. दिवसचे दिवस तपासलं. मोठं पाप असं काही सापडेना, आणि सापडेना म्हणून जास्त घाबरले. आमच्या शास्त्रात एक राजा आहे. देवानं त्याला अभिषेक केला आणि पुढे आपला आत्मा काढून घेतला. मला ठाऊक असलेली गोष्ट, रविवारच्या वर्गात मुलांना शिकवलेली. पण मुलांना मी तिचा पुढचा भाग घाईघाईनं सांगायचे. त्या राजाची जागा रिकामी राहिली नाही. दुसरं काहीतरी येऊन त्याला छळू लागलं. बांधलेल्या ओढणीत काहीतरी हळूहळू वळवळायचं आणि मला तो राजा आठवायचा.

प्रीतीला सातवा महिना होता. आमच्या घरात बाळाला पहिल्यांदा चर्चला नेण्याआधी थोरलं माणूस त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतं. माझ्या सासूबाईंनी सुहासला दिला होता. आता थोरली मीच. मी सुहासला सांगून टाकलं की हे माझ्याकडून होणार नाही, आणि बाळ माझ्याजवळ आणूसुद्धा नका. तो उठून बाहेर गेला. प्रीती गप्प बसणाऱ्यांतली नाही. ती म्हणाली, "आई, हात आजारी आहे. तुम्ही त्याला सैतान करून ठेवलाय."

तिनंच चर्चच्या पाळकसाहेबांना बोलावलं. तरुण माणूस, सलाम करून समोर बसले. मी सरळ विचारलं, दिलेला आशीर्वाद देव परत घेतो का? राजाची गोष्टही मीच काढली, म्हणजे त्यांना पळवाट राहू नये. ते म्हणाले की राजाची गोष्ट खरी आहे, ती मी पुसणार नाही. पण त्याच शास्त्रात एक आंधळा म्हातारा बापही आहे. धाकट्या मुलानं थोरल्या भावाचं सोंग घेऊन त्याच्याकडून आशीर्वाद लाटला. खरा प्रकार कळल्यावर म्हातारा थरथर कापला, तरी तो आशीर्वाद त्याला मागे घेता आला नाही.

"आपला हात कुणावर आहे हेसुद्धा त्याला कळत नव्हतं, बाई," ते म्हणाले. "तरी आशीर्वाद लागला. हात त्याचा होता. आशीर्वाद त्याचा नव्हता."

मला पटलं नाही. चांगलं बोलता, म्हटलं, आणि त्यांना चहा दिला.

फॉलो-अपला ओपीडीच्या बाकावर बसले होते, हात बांधलेलाच. कुणीतरी समोर येऊन उभं राहिलं. डोक्याला रुमाल, रुमालाखाली नुकतेच उगवलेले केस. मी ओळखलं आणि बाकावरून अर्धी उठले. ती हसत होती. जमिनीवरच्या गादीवरची ती.

मी माफी मागू लागले, तर ती शेजारी बसली. तिनं सांगितलं, त्या दुपारी तिचा नवरा जेवायला खाली गेला होता. ऑपरेशनच्या भीतीनं तिनं पिशवी भरली होती, गावाला निघून जायचं ठरवलं होतं.

"मी उठान पळाक बघी होतंय, बाय," ती म्हणाली. "तुमचो हात सुटाकच नाय."

एवढ्यात सिस्टर आली, नवरा आला, आणि ऑपरेशन झालं. डोक्यातली गाठ काढली गेली. ती मला देवाच्या जागी मानत होती. मला झोप लागलेली होती, हे मी तिला दोनदा सांगितलं. तिनं ते कानावर घेतलं नाही.

तो आशीर्वादच होता असं मी छातीठोक सांगणार नाही. डॉक्टर मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, हा ग्रास्प रिफ्लेक्स. म्हणजे तळव्याला काही लागलं की मूठ आपोआप मिटते. प्रत्येक मूल हे घेऊनच जन्मतं, पुढे मेंदू त्याला दाबून ठेवतो, आणि मेंदूचा तो भाग दुखावला की ते पुन्हा वर येतं. त्यांच्याकडून हेही शिकले की परक्या हाताला काहीतरी धरायला द्यावं, गुंडाळलेला नॅपकिन, काठीची मूठ, मग तो दुसरीकडे जात नाही. बांधून ठेवू नये. त्या दिवशी मी ओढणी सोडली.

प्रीतीला मुलगी झाली. चर्चला न्यायच्या सकाळी तिनं मला खुर्चीत बसवलं, बाळ मांडीवर दिलं आणि स्वतः खाली बसून त्याची मान आपल्या हातात धरली. काही झालं तर मी आहे, म्हणाली. सुहास दाराशी उभा होता.

हात माझ्या मनाआधीच निघाला. मी डोळे मिटले नाहीत, तेवढा विश्वास मला नव्हता. तो डोक्याकडे गेला नाही. बाळाच्या मुठीपाशी थांबला. बाळाची मूठ उघडली आणि माझ्या बोटाभोवती मिटली, आणि माझी तिच्याभोवती. दोन्ही मुठींचं मेंदूशी काही देणंघेणं नव्हतं. दोघीही सोडेनात. प्रीतीनं माझ्या मनगटाकडे हात नेला.

"राहू दे," मी म्हटलं.

आणि मी आशीर्वाद उच्चारला, सासूबाईंनी सुहासवर उच्चारला होता तोच. शब्द सगळे आले. इतके महिने मी जे हरवलं म्हणून रडत होते ते माझ्याजवळ ठेवायला दिलेलंच नव्हतं, ते माझ्यातून जात होतं, एवढं मला त्या खुर्चीत कळलं. प्रभूचे उपकार मानायचे ते यासाठीच. हात अजून पूर्ण माझा झालेला नाही, कदाचित होणारही नाही.

बाळाला झोप लागली, तिची मूठ सैल पडली. मग कुणी मनगट न वाकवता माझीही उघडली, आजारानंतर पहिल्यांदा. हात तिच्या डोक्यावर गेला आणि सावकाश थोपटू लागला, वॉर्डातल्या त्या दुपारसारखा, त्याच लयीत.

मी थोपटत नव्हते. मी नुसती बघत होते, आणि आमेन म्हणाले.