शरदिनीच्या नावाची पोखरी

दूधविनायकाच्या गल्लीत श्राद्धपक्षाची कसलीही अडचण आली तर लोक दत्तात्रेयाकडे येत. शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेला माणूस. पोथी न उघडता उत्तर देई. गंगेपलीकडच्या त्याच्या शेतात कोणतं पाखरू कुठे घर करतं, हे मात्र त्याला ठाऊक नसे. ते खातं बायकोचं, शरदिनीचं.

शेतात एक पोखरी, म्हणजे लहानसं तळं होतं, पाणकणसाच्या उंच गवताने अर्धं भरलेलं. दर पावसाळ्यात सारसांची जोडी तिथे घरटं करी. शरदिनी बांधावर दुर्बीण घेऊन बसली की जेवायलाही उठत नसे. तिचा कायदा कडक. पावसात पोखरीत पाऊल टाकायचं नाही. थंडीत पाणकणीस कापायचं तेही अर्धंच, यंदा पूर्वेचं तर पुढच्या वर्षी पश्चिमेचं.

"तुझ्या माहेरच्यांचीही एवढी सरबराई नसते," दत्तात्रेय चिडवायचा.

"माहेरचे महिनाभर पाण्यात उभे राहून अंडी राखतात का?" ती म्हणायची.

शरदिनी आठ दिवसांच्या तापात गेली. दत्तात्रेय सैरभैर झाला. तिच्या नावाने काहीतरी पक्कं करायचं त्याने मनात घेतलं, आणि शास्त्र जाणणाऱ्याला सुचावं तेच सुचलं: तिच्या लाडक्या पोखरीचा उत्सर्ग. म्हणजे यथाविधी पूजा करून ते पाणी सर्व जीवांसाठी सोडून द्यायचं. या विधीत यजमानाने गाईचं शेपूट धरून पाण्यातून पलीकडे जायचं असतं. पाणकणसात आणि चिखलात गाय उतरणार कशी? झालं. जेसीबी आला, पोखरी तळापासून खरवडली, चारी बाजूंनी चुनारच्या दगडाच्या पायऱ्या बसल्या. वरच्या पायरीवर शरदिनीचं नाव कोरलं.

विधीच्या आदल्या दिवशी मुलगी वैदेही आली आणि काठावर उभीच राहिली. "बाबा, सगळंच काढलंत?"

"अगं, साफसफाई झाली. आईला आवडलं असतं."

वैदेही पूजेचं सामान लावायला वळली. बापाचे डोळे सुजलेले होते, काय बोलणार बिचारी! विधी दणक्यात झाला. रामघाटावरून ब्राह्मण आले, गाय शहाण्यासारखी पलीकडे गेली, आणि 'सर्व जीवांसाठी' म्हणत दत्तात्रेयाने पाणी सोडलं.

आषाढात सारस आले. पायऱ्यांवरून एक फेरी मारली, पाण्यात चोच घातली, दुसऱ्या बाजूने फिरून पाहिलं. दत्तात्रेय बांधावर उभा होता. घरटं रचायला तिथे काडी नव्हती, लपायला आडोसा नव्हता. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. करायला गेला गणपती आणि झाला मारुती!

जोडीने शेजारच्या भातात, घोटाभर पाण्यात घरटं मांडलं. दत्तात्रेय रोज काठी घेऊन राखणीला जाई. एका सकाळी गंगा ओलांडायची नाव उशिरा सुटली. तो पोचला तोवर कुत्र्यांनी अंडी फोडली होती आणि दोन्ही सारस माना वर करून ओरडत होते. तो बांधावर बसला आणि रडला. बायको गेली तेव्हा चारचौघांत आवरलेलं रडूसुद्धा तिथेच बाहेर आलं.

थंडीत त्याने पायऱ्या उखडायला माणसं बोलावली. रामघाटचे गोपीनाथशास्त्री तावातावाने आले.

"दत्तू, सोडलेलं पाणी आता तुझं नाही. हात लावशील तर पाप लागेल."

"माझं नाही म्हणूनच काढतोय," दत्तात्रेय म्हणाला. "ज्यांना दिलं त्यांना राहता येईना तिथे. पाप लागलं तर लागू दे, मी भोगीन."

शास्त्रीबुवा पाय आपटत गेले. बायकोच्या नावाचा दगड निघाला तेव्हा दत्तात्रेयाने मान फिरवली. मग गुडघाभर चिखलात उतरून त्याने दुसऱ्या तळ्यातून आणलेले पाणकणसाचे कंद स्वतःच्या हाताने लावले.

पाणकणीस पुन्हा उगवलं, पण विरळ. पाणकोंबड्या आल्या. सारस दोन पावसाळ्यांत फिरकले नाहीत. दत्तात्रेय अजून सकाळच्या नावेने पलीकडे जातो आणि शरदिनीच्या जागी तिची दुर्बीण घेऊन बसतो. ती असती तर पहिला दगड पडायच्या आतच तिने त्याला फैलावर घेतलं असतं. तिचं ते बोलणं एकदा ऐकायला मिळावं, एवढंच आता त्याला वाटतं.